ढोके बाई आणि बाकीचे बावीस तास

ढोके बाईंबद्दल चांगलं लिहायला बसलो की आजही माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे माझा सूर तिरका लागला तर वाचणाऱ्याला कारण शोधत बसायला नको. सक्करदऱ्याकडच्या एका मैदानावर सात वर्षं आम्ही दोघं शेजारी शेजारी मुली पळवत होतो. पाण्याच्या टाकीजवळचं टोक माझं, फाटकाकडचं त्यांचं. माझ्याकडे प्रशिक्षकाचा डिप्लोमा होता, दोन स्टॉपवॉच होती, रंगीत शंकू होते, खालीवर होणारे अडथळे होते, आणि कॉलेजातली क्रीडाशिक्षकाची पक्की नोकरी होती. बाईंकडे प्लास्टिकचं एक स्टूल आणि दोनशे पानी वही. आणि जिल्ह्याची स्पर्धा संपली की पदकं बहुतेक त्यांच्याच मुलींच्या गळ्यात.

दिसायला बाई म्हणजे प्रशिक्षक सोडून दुसरं काहीही वाटल्या असत्या. बुटक्या, अंगाने भरलेल्या, पन्नाशी केव्हाच ओलांडलेली. स्कूटीवरून यायच्या त्या नागपूरच्या सगळ्या बायकांसारखा दुपट्टा तोंडाभोवती गुंडाळून, नुसते डोळे उघडे. स्टुलावर नीट बसल्याशिवाय तो सोडायच्या नाहीत. एका मुलींच्या शाळेत त्या पीटी शिकवायच्या. तरुणपणी खो-खो खेळल्या होत्या म्हणे, त्यात गुडघा गेला. त्यामुळे मैदानावर त्या कधी पळाल्या नाहीत. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगायचो. स्वतःला चार पावलं पळता येत नाही आणि निघाल्या धावपटू घडवायला, असं वर जोडायचो.

सकाळी साडेपाचला त्यांच्या मुली स्टुलापुढे रांग लावत. राम राम नाही, गुड मॉर्निंग नाही. बाईंचा पहिला शब्द एकच.

"झोपली काय वं?"

मग त्या मुलीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या, किती लाल आहे ते. बोटं हातात घेऊन नखं बघायच्या. दोन-चार प्रश्न विचारायच्या, तेही दुसऱ्या मुलीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, आणि वहीत लिहायच्या. वहीत प्रत्येक मुलीचं एक पान आणि पानावर चार रकाने. झोप, जेवण, पाळी, भांडण. या सगळ्यात वीस मिनिटं जायची. तोवर माझ्या मुलींच्या मैदानाला तीन फेऱ्या मारून झालेल्या असायच्या आणि मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचो, "पाहा, तिकडे दवाखाना उघडला!" माझ्या मुली हसायच्या. त्यांच्या मुलीही हसायच्या. बाईसुद्धा हसायच्या, तेच मला सहन व्हायचं नाही.

एकदा स्पर्धा आठ दिवसांवर आली असताना त्यांची पायल नावाची मुलगी रांगेत उभी होती. काटक, लांब पायांची, आठशे मीटर पळणारी. मी तेव्हा टाकीवरून बाटली भरून परत येत होतो, म्हणून ऐकू आलं.

"किती झोपली?"

"चार घंटे, बाई. मावसबहिणीची हळद होती. डीजे बंदच नाई झाला."

"जाय घरी. झोप."

"बाई, आठ दिवसांवर आली न स्पर्धा!"

"म्हणूनच तं म्हणून राहिली. आज पळली तं अर्धी पळशीन, अन् उद्या बी अर्धीच. जाय. आईले सांगजो, बाईनं पाठवलं."

पायल रडवेली होऊन गेली. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी माझ्या मुलींकडून दोन फेऱ्या जास्तीच्या काढून घेतल्या. माझ्या मुलींमध्ये माझी स्वतःची मुलगीही होती. ऋतुजा. तीही आठशेच पळायची, पायलच्याच वयाची. आठ दिवसांनी पायल पहिली आली आणि ऋतुजा दुसरी. दोघींत पाच-सहा पावलांचं अंतर होतं. गाडीवरून घरी येताना ऋतुजा मागून म्हणाली, "बाबा, पायल रोज आठ घंटे झोपते म्हणे." मी म्हटलं, "झोपू दे, दहावीच्या पेपरातही झोपेल." ती पुढे काही बोलली नाही. मला वाटलं, विनोद जमला.

या पायलचा बाप ऑटो चालवायचा. धंतोलीतल्या दवाखान्यांत बाहेरगावचे पेशंट पोचवणं हा त्याचा मुख्य धंदा, आणि मधल्या वेळात तो माझ्या कॉलेजच्या फाटकाशी उभा असायचा. एक दिवस तो मला धरून म्हणाला, "सर, तुम्ही त्या बाईले समजवा न. माह्या घरात येऊन बसून राहिली." मला तर हवंच होतं. मी त्याला चहा पाजला आणि सगळं ऐकून घेतलं.

झालं होतं असं. त्याच्या घरी तो आल्याशिवाय कोणी जेवत नसे. बायको नाही, आई नाही, पायलही नाही. त्यात त्याची काही जबरदस्ती होती असं नाही, पूर्वीपासून तसंच चालत आलेलं. त्याला घरी यायला साडेनऊ व्हायचे, कधी दहा. संध्याकाळी पळून आलेली पोरगी चहाबरोबर दोन टोस्ट खायची आणि तीन तास भुकेली बसायची. मग भूक मरून जायची आणि पानात पडलेलं अर्धं ती तसंच टाकायची. बाईंच्या वहीत जेवणाच्या रकान्यात हे रोज येत होतं. एका संध्याकाळी सात वाजता बाई त्यांच्या घरी हजर झाल्या, स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि पायलच्या आईला म्हणाल्या, "वाढ हिले." आई म्हणाली, यायचे आहेत अजून. बाई म्हणाल्या, "ते पळत नाई. वाढ." पोरगी जेवून उठेपर्यंत त्या हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी हा गडी भांडायचं ठरवून धंदा सोडून सातलाच घरी पोचला.

"मंग? काय बोलला तू?" मी विचारलं.

त्याने कप खाली ठेवला. "काय बोलतो सर. मले म्हणे, आले तं बसा, पोरीसंग जेवून पाहा. ताट वाढून माह्यापुढं ठेवलं." मग तो थोडा हसला. "पोरगी वरण-भातात लिंबू पिळते, इतकं पिळते! मले मालूमच नव्हतं. सोळा वर्षांची झाली, पण तिले जेवताना मी कवा पाहिलंच नव्हतं."

तक्रार करायला आलेला माणूस डोळे पुसत गेला. चहा माझा आणि कौतुक बाईंचं. मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये जाहीर केलं की लोकांच्या घरात घुसून वाढत बसणं याला प्रशिक्षण म्हणत नाहीत, याला आत्याबाईपणा म्हणतात. कोणीतरी ते बाईंपर्यंत पोचवलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी मैदानावर त्या स्वतःहून माझ्याकडे आल्या. रागावल्या नव्हत्या.

"सर, तुमच्याजवळ, माह्याजवळ पोरगी दिवसाचे दोन घंटे असते," त्या म्हणाल्या. "बाकीचे बावीस घंटे तिचं काय होते, ते कोन पाहीन? आपन दोन घंट्यात कमावतो अन् ते बावीस घंट्यात सांडून जाते."

"तुम्ही पाहा. मला काम आहे," मी म्हटलं.

"हाव, ते दिसून राहिलं," माझ्या गालातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याकडे बघत त्या म्हणाल्या. "पोरीयले दमसास शिकवता अन् तोंडात हे."

"मी कुठे पळतो?"

"मी बी नाई पळत. पन पोरी पाहून राहिल्या न."

मी पचकन बाजूला थुंकलो आणि शिट्टी वाजवली. माझा खर्रा पुढे बऱ्याच वर्षांनी सुटला, तोही डॉक्टरांनी दम दिला म्हणून. बाईंमुळे सुटला असं मी कोणाला म्हणू देत नाही.

आता लपवून काय करायचं, मी त्यांची नक्कलही करून पाहिली. चांगलं जाड रजिस्टर आणलं, आखलं, आणि माझ्या मुलींना रोज किती तास झोपलात, काय खाल्लं ते लिहायला सांगितलं. पहिल्या दिवशी एकीने 'पाच तास' लिहिलं. मी तिला सगळ्यांसमोर अशी झापली की दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पानांवर आठ, आठ, आठ. जेवणात सगळ्यांच्या घरी रोज मोड आलेली कडधान्यं. माझ्या रजिस्टरप्रमाणे माझ्या मुली देशातल्या सगळ्यात निरोगी मुली होत्या आणि पळताना त्यांना दुसऱ्या फेरीत धाप लागत होती. बाईंना मुली खरं सांगायच्या. चार तास म्हटलं तरी त्या ओरडायच्या नाहीत, नुसतं लिहून घ्यायच्या आणि विचारायच्या, "काहून?" पाळीचा रकाना तर मी आखलाच नाही. मला तो शब्द मुलींसमोर उच्चारताही आला नसता. महिन्याभराने रजिस्टर कपाटात गेलं.

मग मी माझं स्वतःचं शास्त्र काढलं. वजन. अंगावरचं ओझं कमी तर पाय हलके, इतकी सोपी गोष्ट बाईंच्या कशी ध्यानात आली नाही याचं मला आश्चर्य वाटलं. आणि प्रयोग घरातच करायचा होता. वजनकाटा आणला. रोज सकाळी, चहाच्याही आधी, ऋतुजाने काट्यावर उभं राहायचं आणि मी फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्यात आकडा भरायचा. कमी झाला तर निळ्या पेनाने, वाढला तर लाल. पोळ्या चारच्या तीन झाल्या, तिनाच्या दोन. तूप बंद, भात बंद, सणाचं गोड बंद. तीन किलो उतरले आणि तिची आठशेची वेळ दोन मिनिटं चोवीसवरून दोन वीसवर आली. मी तक्त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. कोणी पाहिला यापेक्षा बाईंनी पाहिला का, हे मी चारदा उघडून बघितलं. पाहिला होता. काही लिहिलं मात्र नव्हतं.

त्यानंतर वेळ तेवीस झाली. मग सव्वीस. मी म्हटलं, वजन अजून उतरायला हवं. दोन पोळ्यांची दीड केली. "लेकरू सुकून राहिलं," माझी बायको म्हणायची. "तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हणायचो. तिला वीस वर्षं हेच वाक्य ऐकायची सवय होती. ऋतुजा स्वतः काही म्हणायची नाही. ती शहाणी मुलगी होती, आणि शहाण्या मुलींच्या बापांना फार काही दिसत नाही.

मार्च महिना असेल. ऊन नऊच्या आतच चटके द्यायला लागलं होतं. ऋतुजा जॅकेट घालून, हात बाह्यांमध्ये ओढून टाकीच्या कठड्यावर बसली होती. बाई आपलं टोक सोडून थेट माझ्याकडे आल्या.

"सर, या पोरीले थंडी काहून वाजून राहिली?"

"वार्म-अप आहे तो."

"नागपूरच्या उन्हात?" त्या म्हणाल्या. ऋतुजाकडे वळून त्यांनी तिचा हात हातात घेतला, नखं बघितली आणि सोडून दिला. माझ्या मुलीची नखं. मला असं वाटलं की कोणीतरी माझ्या खिशात हात घातला.

त्या रविवारी सकाळी बाई आमच्या घरी आल्या. स्कूटीचा आवाज ऐकला तेव्हाच मी ओळखलं, पोरगी पळवायला आली. मी पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसलो, म्हणजे दारातच अडवता येईल. पण बाई "नमस्कार सर" म्हणून मला ओलांडून स्वयंपाकघरात गेल्या. बायकोला वहिनी म्हणाल्या, पोहे खाल्ले. मग तिघींचे आवाज हळू झाले आणि मधलं दार लागलं. अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसल्या.

"सर, सात महिने झाले."

"कशाला?"

"पाळी नाई आली तिले."

मी पेपराची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. बायको दारात उभी होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुम्हाले सांगणार होती मी. तुम्ही ऐकत कुठं होते."

"नडगी बी दुखून राहिली तिची," बाई पुढे म्हणाल्या. "बोटानं दाबलं तं डोळ्यात पानी आलं. खानं कमी पडलं की अंग आधी पाळी बंद करते, मंग हाडं कच्ची करते. माह्याकडं पळनारी एक पोरगी अशीच गेली होती हातची, तवापासून मी लिहून ठेवतो. धंतोलीत एक डॉक्टरीणबाई आहे, तिच्याकडं उद्या न्या. अन् निवडीत पळवू नका."

राज्याच्या स्पर्धेसाठीची निवड बारा दिवसांवर होती. आठशेला आमच्या जिल्ह्यातून एकच जागा. बाईंच्या एवढ्या सगळ्या बोलण्यातलं मला एवढंच ऐकू आलं, निवडीत पळवू नका. आणि मी बोललो, "म्हणजे तुमच्या पायलला रस्ता मोकळा. नाही का?"

बायकोने तोंडावर पदर घेतला. बाई मग म्हणाल्या, "पायलचं नाव काढतो मी. मंग तं न्याल?" मी काही बोलायच्या आतच त्यांनी मान हलवली. "नाई. तिनं काय केलं? तिच्यावर अन्याव होईन, ते नाई करत. पन पोरगी तुमचीच राहू द्या सर, मले नको. फक्त डॉक्टरीनकडं न्या."

मी म्हटलं, निवड झाली की नेतो. बारा दिवसांनी काय बिघडतं?

मला आजही स्वतःला समजावता येत नाही की मी नेलं का नाही. खरं तर येतं. नेलं असतं तर बाई बरोबर ठरल्या असत्या.

निवडीच्या दिवशी ऋतुजाने नडगीला पट्टी बांधली होती. मी विचारलं, "दुखतं का?" ती म्हणाली, "नाही बाबा." पहिली फेरी ती पायलच्या खांद्याला खांदा लावून पळाली. दुसऱ्या फेरीत, समोरच्या सरळ पट्ट्यात, ती एकदम लंगडली आणि पळता पळताच खाली बसली. पडली नाही, बसली. आणि पाय हातात धरून तशीच राहिली.

बाईंना पळताना मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. दुपट्टा सुटलेला, एक गुडघा वाकत नाही, कमरेतून झोके खात त्या मैदान आडवं कापून पळत गेल्या आणि माझ्या मुलीजवळ सगळ्यांच्या आधी पोचल्या. मी त्यांच्यापेक्षा जवळ उभा होतो. मी मागे का राहिलो तेही सांगतो. मुलगी खाली बसलेली दिसत असताना मी क्षणभर मान वळवून शेवटच्या रेषेकडे बघितलं, पहिली कोण येते ते. पायल आली.

नडगीचं हाड मोडलं होतं. धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि जे प्रश्न विचारले ते मला पाठ होते, बाईंच्या वहीतलेच. उत्तर मात्र मला एकाचंही आलं नाही, सगळी बायकोने दिली. बाकीचे बावीस तास माझी मुलगी माझ्याच घरात होती, आणि तिचं सगळं मीच सांडत होतो.

फ्रिजवरचा तक्ता बायकोने त्याच दिवशी फाडला. प्लॅस्टर होतं तोवर बाई दर बुधवारी संध्याकाळी यायच्या. फळं नाहीत, फुलं नाहीत, नुसत्या येऊन बसायच्या. पायल राज्याला जाऊन तिसरी आली होती, पण तिचं नावही त्या आमच्या घरात काढायच्या नाहीत. मला एकदा जाताना दारात म्हणाल्या, "सर, एक काम करा. रोज पोरीसंग जेवा. पन तिच्या ताटाकडं पाहू नका. पाहिलं की ती मोजते. बोला काई बी, पावसापान्याचं, मॅचचं." मी प्रयत्न केला. समोरच्या भिंतीकडे बघत जेवायला शिकलो. बोलायला मात्र सुचायचं नाही. वजन आणि वेळ सोडून मुलीशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, हे मला त्या जेवणांत कळलं.

पाय बरा झाला. पाळी सुरू झाल्याचं बायकोने मला स्वतःहून सांगितलं. मी मान डोलावली आणि बाहेर जाऊन उगाच गाडी पुसत बसलो. नऊ-दहा महिन्यांनी एका सकाळी बुटाच्या नाड्या बांधता बांधता ऋतुजा म्हणाली, "बाबा, मी बाईंकडे जाणार आहे पळायला." मी "जा" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

मग वर्षभर मी टाकीच्या टोकाला उभा राहून फाटकाकडे बघत असायचो. माझी मुलगी रांगेत उभी राहायची, तिचा नंबर आला की बोटं पुढे करायची, वाकून बाईंच्या कानाशी काहीतरी सांगायची. कधी हसायची. घरी ती माझ्याशी इतकं लांब वाक्य कधी बोलत नसे. एक दिवस बाई एका मुलीचा पाय मुरगळला म्हणून उठून गेल्या आणि वही स्टुलावर राहिली. मी चोरासारखा गेलो आणि ऋतुजाचं पान काढलं. झोप साडेसात, आठ, साडेसात. जेवणात भात, वरण, अंडी, पुरणपोळीसुद्धा. पुरणपोळी खाल्ल्याचं तिने बिनधास्त सांगितलं होतं. शेवटचा भांडणाचा रकाना सगळा रिकामा असेल असं मला वाटलं होतं, कारण आमच्या घरात आता आवाज असा चढतच नव्हता. तिथे एका तारखेसमोर बाईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'बाबा बोलत नाही.' पुढच्या दिवशी, 'तेच.' त्याच्या पुढच्या दिवशीही, 'तेच.' मी वही होती तशी ठेवली आणि माझ्या टोकाला परत आलो.

त्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. त्यांना कोणी जवळचं नव्हतं इथे. भंडाऱ्याकडे भावाजवळ जाऊन राहायचं त्यांनी ठरवलं होतं. जायच्या आधीच्या आठवड्यात एक छोटी खुली स्पर्धा होती आणि ऋतुजा मोडलेल्या पायानंतर पहिल्यांदा आठशे पळणार होती. मी गेलो. तिला सांगितलं नव्हतं. मंडपाच्या खांबाशी, गर्दीच्या मागे उभा राहिलो.

ती चौथी आली. दोन मिनिटं सत्तावीस. माझ्या जुन्या हिशोबाने त्या वेळेची काही किंमत नव्हती. रेषा ओलांडून ती सरळ बाईंकडे गेली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून धापा टाकत राहिली. मग बाईंच्या पिशवीतून तिने केळं काढलं आणि तिथेच, उन्हात, सगळ्यांसमोर, मोठे मोठे घास घेत खाल्लं. संपल्यावर दुसरं काढलं. खाताना ती हसत होती, आणि बाई तिच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, दुसऱ्याच कोणाशी बोलत होत्या. माझ्या मुलीला असं खाताना मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला की नाही, हे मी विचारांती सांगतो. झाला. पण त्याच्या आधी मत्सर झाला, आणि तो इतका झाला की आनंदाला जागा फार थोडी उरली.

तेवढ्यात बाईंनी मला पाहिलं.

"सर! तिकडं काहून उभे? या न इकडं!"

ऋतुजाही वळली. तोंडात घास तसाच. ती हसायची थांबली नाही. हेही सांगायला हवं. ती तशीच हसत माझ्याकडे बघत होती, येतो का म्हणून. वीसेक पावलांचं अंतर असेल. जाऊन काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. चांगली पळालीस. इतकंच पुरलं असतं. बाईंना म्हणायला तर त्याहून कमी शब्द लागले असते.

मी खिशातून फोन काढला, कानाला लावला आणि हाताने त्यांना खूण केली, थांबा, महत्त्वाचा आहे. बाई जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ऋतुजाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चाल वं, सावलीत बस." दोघी मंडपाच्या पलीकडच्या बाजूला गेल्या. पुढच्या सोमवारी बाई नागपूर सोडून गेल्या, ते मला बायकोकडून कळलं. ऋतुजा दर रविवारी त्यांना फोन करते. दार लोटून घेते, आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज येतो.

ढोके बाईंसमोर मी बोललेला शेवटचा शब्द 'हॅलो' होता. तो मी मोठ्याने म्हटला होता, त्यांना ऐकू जावा म्हणून. पलीकडे कोणीही नव्हतं.